आई, मला थांबता येत नाही

पहिल्या दिवशी लेक बर्फात फतकल मारून बसली ती उठेचना. पायात स्की, डोक्यावर हेल्मेट, गळ्यातली पट्टी नाकापर्यंत वर ओढलेली, गॉगलमागे फक्त दोन डोळे दिसत होते आणि ते काठोकाठ भरलेले. आजूबाजूने तिच्याहून लहान पोरं सुर्रकन निघून जात होती आणि मी तिच्यासमोर वाकून तेच तेच बोलत होते, अगं काही होत नाही, बघ ती मुलं कशी जातायत, पडलीस तरी बर्फच आहे ना, लागत नाही. ती नुसती मान हलवायची. नाही म्हणजे नाही.

तेव्हा ती साडेपाच वर्षांची होती. आता ती मजेत स्की करते, पण तो पहिला दिवस आणि त्यानंतरचे चार दिवस मला अजून जसेच्या तसे आठवतात, आणि ओळखीतलं कुणी विचारलं की आमचं मूल घाबरतं गं, काय करू, तर मला दोन वाक्यांत सांगताच येत नाही. म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय.

आधी एक गोष्ट. अशा मुलांना लोक पटकन भित्री म्हणून मोकळे होतात त्याचा मला मनापासून राग येतो. माझी लेक बघणारी आहे. घसरगुंडीवर चढायच्या आधी ती चार मुलं खाली जाऊ देते, ती कुठे आपटतात, खाली माती कशी आहे सगळं बघून ठेवते, आणि मग एकदा तिचं ठरलं की संध्याकाळपर्यंत तिथून हलत नाही. हा स्वभाव मला चांगला माहीत होता आणि तरी डोंगरावर गेल्यावर मी तो विसरले. सगळ्यांची घाई, सुट्टी पाच दिवसांची, भाड्याने घेतलेलं सामान, आणि डोक्यात सतत एकच की आज काहीच नाही झालं तर आख्खा दिवस फुकट जाणार.

त्या संध्याकाळी तिचे बूट काढले तेव्हा पहिला धक्का बसला. दोन्ही नडग्यांवर लालभडक वळ होते, आडवे, बोटाएवढे जाड. थंडी वाजू नये म्हणून मी तिला दोन-दोन मोजे घातले होते, त्यावर थर्मलची पँट खाली ओढून बुटात खोचली होती, आणि बोटं दाबली जाऊ नयेत म्हणून बूटही मुद्दाम दोन नंबर मोठे मागून घेतले होते. म्हणजे काळजीपोटी जे जे केलं ते सगळं उलटं. तिने दिवसभरात एकदाच सांगितलं होतं, पाय दुखतोय, आणि मला वाटलं ही टाळायला बघतेय. ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

स्की बुटाचं गणित साध्या बुटासारखं नसतंच. त्याचा नंबर म्हणजे सरळ पायाची लांबी सेंटीमीटरमध्ये, 17.5 लिहिलं असेल तर साडेसतरा सेंटीमीटरचा पाय. मुलाला भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं करायचं, पेन्सिलने खूण करायची आणि मोजायचं. बूट घालून ताठ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की थोडी मागे सरकली पाहिजेत. सैल बुटात पाय आतल्या आत फिरतो, मूल पाय वळवतं पण स्की वळतच नाही, आणि मग मुलाला वाटतं की ही वस्तू आपलं ऐकतच नाही. मोजा एकच, पातळ, लांब, पोटरीवर एकही चुणी न पडता वर ओढलेला, आणि बुटाच्या आत मोज्याशिवाय दुसरं काहीही नाही, थर्मल वरच संपली पाहिजे. जाड मोज्याने पाय उलट जास्त गार पडतात, कारण दाबामुळे रक्त नीट फिरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी बूट बदलून आणले. बूट बदलले की बाइंडिंगसुद्धा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा खटका, पुन्हा लावून घ्यावं लागतं हेही तेव्हाच कळलं, कारण पडल्यावर स्की पायातून कधी सुटायची ते मुलाचं वजन, उंची, वय, स्की किती येतं आणि बुटाच्या तळाची लांबी यावरून ठरवतात. ते काम ज्याचं त्यालाच करू द्यावं, आपण स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसू नये. स्की पण छोट्या बदलून घेतल्या, उभ्या धरल्या तर तिच्या छातीच्या जरा वर येतील एवढ्या.

पण बूट हे अर्धंच कारण होतं.

पहिल्या रात्री झोपताना मी तिला विचारलं, "तुला नक्की कशाची भीती वाटते गं? पडायची का?" ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "पडायची नाही. मला थांबता येत नाही, आई."

मी दिवसभर तिला सांगत होते की पडलीस तरी लागत नाही. म्हणजे तिने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी सहा तास देत होते.

रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही आणि तेव्हा लक्षात आलं की पोरीचं किती बरोबर आहे. तिने आत्तापर्यंत जे जे केलंय, चालणं, धावणं, उड्या मारणं, तिचाकी सायकल, त्या सगळ्यात तुम्ही काही करायचं बंद केलं की थांबता. पाय थांबवले की तुम्ही थांबलात. स्कीवर हेच नेमकं उलटं होतं, काहीच नाही केलं तर तुम्ही जात राहता आणि थांबायला मात्र काहीतरी करावं लागतं. मोठ्या माणसाला हे समजून घेता येतं, साडेपाच वर्षांच्या मुलाच्या अंगाला ते पहिल्यांदाच कळत असतं आणि ते अंग घाबरून म्हणतं, हे काहीतरी चुकतंय. आणि आपण तिला वर नेऊन उभं करून म्हणतो चल, जा. आधी जायला शिकवतो. थांबायचं नंतर बघू.

मग आम्ही उलटं करायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या उतारावर जायचंच नाही.

सकाळी सपाट जागेवर फक्त बूट घालून चाललो, टाचांवर, चवड्यांवर, खेकड्यासारखं आडवं. ते बूट म्हणजे पायाला बांधलेल्या बादल्याच, त्यांची सवय होण्यातच अर्धा तास जातो आणि तो जाऊ द्यावा. मग एकाच पायात स्की, दुसरा पाय बुटाचा, स्कूटर ढकलतो तसं ढकलत जायचं. मग पाय बदलायचा. एका पायात स्की असली की दुसरा पाय जमिनीवरच असतो, म्हणजे ब्रेक तिच्याकडेच, हवं तेव्हा टेकवला की थांबली. त्या अर्ध्या तासात मी तिच्या खांद्यांकडे बघत होते, कानापर्यंत वर गेलेले खांदे हळूहळू खाली आले.

नंतर दोन्ही स्की. काठ्या नाहीत, लहान मुलांना सुरुवातीला काठ्या देऊच नयेत, हातात अडकतात आणि लक्ष पायांवरून उडतं. मी तिला घेऊन जागा शोधत फिरले, आणि ही जागा शोधणं हे मला सगळ्यात महत्त्वाचं काम वाटतं. छोटासा उतार, आमचा जेमतेम दहा पावलांचा होता, आणि त्याच्या पुढे सपाट नाही तर थोडासा चढ. तिथे काही नाही केलं तरी मूल आपोआप थांबतं. खालून आडवी पावलं टाकत तीन पावलं वर चढायचं, तोंड खाली वळवायचं आणि सोडायचं. तीन पावलं घसरली, चढ लागला, थांबली. तिने माझ्याकडे बघितलं. परत तीन पावलं चढली. मग चार. मग पाच. किती वर जायचं ते तीच ठरवत होती, मी आकडा सांगतच नव्हते. आडवं चढण्यात दम लागतो पण त्यात एक फायदा असा की स्कीची कड बर्फात कशी रुतते ते पायाला आपोआप कळतं, आणि पुढचं सगळं त्या कडेवरच आहे.

पुढचं म्हणजे स्नोप्लाव. स्कीची पुढची टोकं जवळ, टाचा लांब, म्हणजे वरून बघितलं तर त्रिकोण दिसतो. आतल्या कडा बर्फात घासतात आणि वेग कमी होतो. सगळीकडे मुलांना याला पिझ्झा म्हणून शिकवतात आणि सरळ स्कीला फ्रेंच फ्राइज. लेकीला ते काही पटलं नाही, ती म्हणाली हे तर घराचं छप्पर आहे. मग आमच्याकडे छप्पर आणि रूळ असे शब्द झाले. मोठं छप्पर म्हणजे हळू, छोटं छप्पर म्हणजे जरा जोरात, रूळ म्हणजे गाडी सुटली. मुलाने स्वतः दिलेला शब्द असला की तो त्याला घाबरल्यावरसुद्धा आठवतो, हे मी त्या आठवड्यात दहा वेळा बघितलं.

आणि शिकवताना "टोकं जुळव" असं सांगू नये. टोकं जुळवायला गेलं की ती एकमेकांवर चढतात आणि मूल तोंडावर पडतं. "टाचा बाहेर ढकल" म्हणावं, टोकं आपलं आपण बघून घेतात. आधी एका जागी उभं राहून, न घसरता, दहा-वीस वेळा. पायाला ते कळलं की मगच उतार. स्कीच्या टोकांना जोडून ठेवणारी एक रबरी क्लिप मिळते, ज्याच्या पायात अजून जोर नाही त्याला ती कामाला येते, पण अर्धा दिवस वापरून काढून टाकावी असं माझं मत, नाहीतर पाय त्या क्लिपच्या भरवशावर राहतात.

हे छप्पर म्हणजे काही लहान मुलांचं लाडाचं तंत्र नाही हे मला नंतर वाचताना कळलं आणि फार बरं वाटलं. ऑस्ट्रियात आर्लबर्ग भागात सेंट अँटन गावी हानेस श्नायडर 1907 साली स्की शिकवायला लागला आणि त्याने पायरीपायरीने शिकवायची पद्धत बसवली, आधी स्नोप्लाव, मग त्यातूनच वळणं, मग हळूहळू स्की समांतर. त्याच्याकडे मोठी माणसं शिकायला यायची आणि त्यांचीही पहिली पायरी हीच. मी लेकीलाही सांगितलं की अगं शंभर वर्षांपूर्वी मोठमोठे लोक पण आधी छप्परच करायचे. तिला ते इतकं आवडलं की दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांकडे बघून ती सांगत होती, आई ते काका पण छप्पर करतायत.

दुपारी एक खेळ सुरू झाला आणि माझ्या मते सगळं तिथेच पालटलं. मी तिच्या समोर, तोंड तिच्याकडे करून, स्वतः उलटं छप्पर करून मागे मागे घसरत होते आणि तिला सांगितलं की आज तू मला थांबवायचं. तू "थांब" म्हणालीस की मी जागच्या जागी थांबणार, पण मग तुलाही थांबावं लागेल नाहीतर तू मला धडकशील. पहिल्यांदा ती इतक्या हळू आवाजात म्हणाली की मला ऐकूच आलं नाही. दुसऱ्यांदा ओरडली. मी थांबले. ती थांबली. आमच्यात हातभर अंतर होतं. मग पुढचा तासभर ती नुसती "चल" आणि "थांब" ओरडत होती, कधी दोन हातांवर थांब, कधी थांबल्यावर लगेच परत चल आणि लगेच परत थांब, मला थकवायला. मी थकलेही. पण मी तिला एकदाही "थांब" म्हटलं नाही त्या तासात. तोपर्यंत चल, थांब, ऊठ, वाक, सगळं मीच म्हणत होते ना.

आता शरीराचं थोडं. लहान मुलं स्कीवर मागे का बसतात, याचं एक साधं कारण आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाचं डोकं त्याच्या उंचीच्या मानाने मोठं असतं, साधारण सहावा भाग, मोठ्या माणसाचं आठवा. वर हेल्मेट. पायात अजून तेवढी ताकद नाही. त्यामुळे तोल सांभाळायला मूल ढुंगण मागे टाकून बुटाला टेकून उभं राहतं, आणि मागे टेकलं की स्कीचा पुढचा भाग हलका होतो आणि मग वळणही होत नाही आणि थांबणंही. "पुढे वाक" म्हटलं की ती कमरेतून वाकतात, त्याने काहीच होत नाही. वाकायचं घोट्यातून, नडगी बुटाच्या जिभेवर दाबून. लेकीला मी म्हटलं, बुटाची जीभ दाबून धर, तिला बोलू देऊ नकोस. झालं, पुढे ती स्वतःशीच पुटपुटत जायची, गप्प बस, गप्प बस, गप्प बस, आणि नडग्या पुढे. हात गुडघ्यांवर ठेवायला सांगितले तरी तेच साधतं.

म्हणूनच समोरून मुलाचे दोन्ही हात धरून ओढत नेऊ नये. मी पहिल्या दिवशी तेच केलं होतं. हात वर आणि पुढे ओढले की मूल मागे लोंबकळतं. दोन पायांच्या मध्ये धरून नेणंही तसंच, मुलाचा सगळा भार आपल्यावर, त्याच्या पायांना काही कळत नाही आणि आपली कंबर धरते ती वेगळी. पाठीला पट्टा बांधून मागून दोरी धरायची पद्धत असते, काहींना ती उपयोगी पडते, मी वापरली नाही. दोरी ताणली की खांदे मागे खेचले जातात आणि मुख्य म्हणजे थांबवणारा माणूस मागे असतो, मूल नाही. आधार द्यायचाच असेल तर शेजारी राहावं आणि आपली काठी आडवी धरावी, दोघांनी वरून नुसता हात ठेवायचा, रेलिंगसारखा. पाहिजे तेव्हा ती सोडते, पाहिजे तेव्हा धरते.

पडणं आणि उठणं हे आम्ही खोलीतच शिकलो, गालिच्यावर, स्कीशिवाय. वेग हाताबाहेर जातोय वाटलं की एका बाजूला, कुशीवर बसल्यासारखं पडायचं, हात मागे टेकायचे नाहीत. हा तिचा शेवटचा ब्रेक, तो आपल्याकडे आहे एवढं माहीत असलं तरी पुरतं. उठायच्या आधी स्की उताराला आडव्या करायच्या. उताराची दिशा तिला अशी सांगितली की इथे बाटलीतलं पाणी ओतलं तर कुठे जाईल? त्या पाण्याला आडवी स्की, नाहीतर उठता उठता परत घसरणार. नाहीच जमलं तर पालथं व्हायचं, स्कीच्या मागच्या टाचा जवळ आणि टोकं लांब ठेवून हाताने ढकलत ढकलत उभं राहायचं. मूल पडलं की लगेच उचलायला धावू नये, दहा आकडे मोजावेत. मला ते दहा आकडे फार जड जायचे.

तिसऱ्या दिवशी मी चूक केली. इतकं छान चाललं होतं की सकाळीच तिला मॅजिक कार्पेटवर, म्हणजे त्या वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर घेऊन गेले, लांबच्या उतारासाठी. तिने विचारलं होतं, "तिथे शेवटी चढ आहे का?" मी म्हटलं, "आहे गं, असेल." नव्हता. आणि त्या दिवशी ढग उतरले होते. ढगाळ उजेडात बर्फावर सावल्याच पडत नाहीत, वर-खाली काही दिसत नाही, सगळं एकसारखं पांढरं. मोठी माणसंही अशा उजेडात चाचपडतात. ती निम्म्यात आली आणि थिजली. तोंडातून शब्द नाही, रडणंही नाही, नुसती उभी. मी दोन-तीन वेळा समजावलं आणि मग तिचे डोळे बघून गप्प बसले. कडेला गेलो, दोघींच्या स्की काढल्या, मी त्या खांद्यावर घेतल्या आणि आम्ही उताराच्या अगदी काठाने बूट रोवत चालत खाली आलो. दहा मिनिटं लागली. ती सगळा वेळ माझ्या जॅकेटची कड धरून होती.

खाली आल्यावर मी तिची माफी मागितली. म्हटलं, मला माहीत नव्हतं तरी मी "असेल" म्हणाले, तसं म्हणायला नको होतं. ती म्हणाली, "मग आता तू आधी बघून ये." त्या दिवशी पुन्हा स्की घातल्या नाहीत. बर्फात खड्डे खणले, एक लांबलचक भिंत बांधली. नवरा म्हणाला, दिवस गेला तर जाऊ दे, ती डोंगरावर हसतेय ना. बरोबर होतं त्याचं.

एक सांगायचं राहिलं, दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी आम्ही तासभर शिकवणीही लावली होती. आपण स्वतः चांगलं स्की करत असलो तरी लावावी असं मी आता ठामपणे सांगते. शिकवणाऱ्या ताईंनी पहिली गोष्ट काय केली तर स्वतःच्या स्की काढून बर्फात गुडघे टेकून तिच्या डोळ्यांच्या उंचीला आल्या आणि तिच्या हेल्मेटवरच्या स्टिकरबद्दल बोलायला लागल्या. स्कीचा विषयच नाही काढला पाच मिनिटं. आणि मला म्हणाल्या, "तुम्ही जरा लांब उभ्या राहा, तुम्ही दिसलात की ती प्रत्येक वेळी आधी तुमचा चेहरा बघते." खरंच होतं. माझ्या चेहऱ्यावर काळजी दिसली की तिला वाटायचं नक्कीच काहीतरी घाबरण्यासारखं आहे. मी शंभर पावलांवर जाऊन पाठ करून उभी राहिले आणि मधूनमधून बघायचा मोह आवरत होते.

बाकीच्या गोष्टी बारीक वाटतात पण मुलाचा दिवस त्यांच्यावरच ठरतो. बोटांचे ग्लोव्हज नाही तर मिटन्स, चारही बोटं एकत्र राहतात आणि गरम राहतात. एक जोड खिशात जास्तीचा, कारण पहिला तासाभरात ओला होणारच. बूट घालायच्या आधी बाथरूम, हे विसरलात तर सगळे थर उतरवून परत चढवावे लागतात. हेल्मेट डोक्याला नीट बसणारं, वाढत्या मापाचं नाही, भुवयांच्या दोन बोटं वर आणि गॉगल आणि हेल्मेटच्या मध्ये फट नाही. आणि ढगाळ असलं तरी सनस्क्रीन, ओठांना आणि हनुवटीखाली सुद्धा, कारण ताजं बर्फ 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतं आणि दर 1000 मीटर उंचीला ती किरणं साधारण 10 टक्क्यांनी वाढतात, म्हणजे ऊन खालूनही लागतं. एका वेळी पाऊण तास, फार तर एक तास. "अजून एकदा, आई" असं ती म्हणतेय तेव्हाच थांबावं. हे माझ्या जिवावर यायचं, कारण एवढं सगळं चढवून आत्ता कुठे जमायला लागलं आणि थांबायचं? पण दुसऱ्या सकाळी बूट घालताना फरक दिसतो.

चौथ्या दिवशी ऊन पडलं होतं. मी ठरल्याप्रमाणे आधी एकटी वर गेले, तिच्या लांबच्या उतारावरून खाली आले आणि तिला सगळं खरं सांगितलं. शेवटी चढ नाही, सपाट आहे. मध्ये एका ठिकाणी जरा उतार वाढतो, तिथे डाव्या बाजूला नारंगी खांब आहे. तिने विचार केला आणि म्हणाली की मी खांबाच्या आधी थांबणार आणि नंतर पण थांबणार. मग तिने आणखी एक विचारलं जे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, "आणि मागून कोणी आलं तर?" म्हणजे हेही तिच्या मनात होतं तर. मी तिला नियम सांगितला, आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाचे दहा नियम आहेत, आणि त्यात स्पष्ट आहे की मागून येणाऱ्याने पुढच्याला सांभाळायचं. पुढे असलेल्याचा मान पहिला. तू पुढे असलीस की मागच्या मोठ्या माणसानेही तुझ्या बाजूने वाट काढायची. तुझं काम एवढंच की थांबायचं तर कडेला, मध्येच नाही. हे ऐकून तिचा चेहरा जो काही खुलला! तो मोठ्या माणसांवरचा नियम तिला फारच न्याय्य वाटला.

वर गेलो. ती निघाली, मी मागे. मोठं छप्पर, इतकं मोठं की जवळजवळ जागेवरच. बुटाची जीभ दाबून, ओठ हलतायत. खांबाच्या आधी थांबली. मी काही बोलले नाही. मग उतार वाढतो तिथे तिचा वेग वाढला, मला दिसलं की मागे बसतेय, तोंडातून "टाचा!" येणार होतं ते मी गिळलं, आणि तेवढ्यात तिच्या टाचा बाहेर गेल्या. बर्फ खरवडल्याचा खर्रर्र आवाज आला. थांबली. कडेला, नियमाप्रमाणे. वळून माझ्याकडे बघून हात वर केला, रस्त्यावर पोलीस करतो तसा. मी थांबले. तिने हात खाली केला आणि निघाली, मग मी निघाले.

त्या दिवशी तो उतार सहा वेळा झाला. पाचव्या वेळेला तिने पहिलं वळण घेतलं, तेही मी शिकवलं नव्हतं, एका पायाने छप्पर जास्त दाबलं की घर फिरतं असं तिचं तिलाच सापडलं. रात्री ती झोपल्यावर पांघरूण नीट करायला गेले तर आतमध्ये पाय तसेच, अंगठे जुळलेले आणि टाचा लांब.

यंदा परत जायचंय. परवा तिला भिंतीशी उभं करून कागदावर पाय आखला, गेल्या वेळचा कागद जपून ठेवला होता तो शेजारी ठेवून तिने स्वतः पट्टी लावली. साडेसतराचा साडेअठरा झालाय. आणि तिने विचारलंय, या वेळच्या डोंगरावर शेवटी चढ आहे की नाही ते मी जाऊन बघणार आहे ना.